पानगळ पाहायला गेलो
(इयत्ता सातवी – परिसर अभ्यास सहल)



या लेखाच्या शेजारी सहा पाने चिकटवली आहेत. त्यांना १ ते ६ असे क्रमांक दिले आहेत. लेख वाचताना तो तो क्रमांक पाहत जावे. पाने वाळलेली आहेत, हात लावला की चुरा होतो. म्हणून फक्त डोळ्यांनी पाहावे.

सहल कशी ठरली?

आमच्या वर्गात एका मैत्रिणीने जुने कॅलेंडर आणले होते. त्यावर काश्मीरच्या चिनार वृक्षांचे चित्र होते. सगळे झाड लाल आणि केशरी, खाली पानांचा सडा. ती म्हणाली, "गुरुजी, हे पाहायला लोक रेल्वेने, विमानाने काश्मीरला जातात. आपल्याकडे असं काही नाही का?"

गुरुजी म्हणाले, "आहे. पण चार किलोमीटर पायी चालावं लागेल."

आमचे गाव गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला आहे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे आत जायला परवानगी लागते. आम्ही आत गेलो नाही. गावाच्या उगवतीला टेकडी आहे, तिच्या पायथ्याच्या जंगलात गेलो. सोबत गुरुजी, बाई आणि वनरक्षक दादा होते. होळीच्या आधीचा शनिवार होता. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून प्रार्थना झाली की लगेच निघालो. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली, भाकरी, वही आणि पाने ठेवायला जुने वर्तमानपत्र होते. शाळेच्या विज्ञान पेटीतले भिंग आणि दोन पारदर्शक पिशव्या गुरुजींनी घेतल्या होत्या.

आम्ही काय पाहिले?

जंगलात शिरताच पहिल्यांदा आवाज झाला. पाय टाकला की चर्र. वनरक्षक दादा म्हणाले, "या दिवसांत वाघालासुद्धा गुपचूप चालायला त्रास होतो." सगळे हसले, पण नंतर जरा जवळ जवळ चालू लागले.

पान क्रमांक १ सागाचे आहे. ते माझ्या बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत आले. साग अगदी उघडा झाला होता. त्याचे पान कागदासारखे कडक आणि तपकिरी होते. काही पानांचा नुसता जाळीदार सांगाडा उरला होता. दादांनी सांगितले की पावसाळ्यात आणि त्यानंतर एक अळी सागाच्या पानाचा मऊ भाग खाते आणि शिरा तेवढ्या ठेवते. त्या जाळीतून सूर्याकडे बघायचे नाही, आकाशाकडे बघायचे. फार सुंदर दिसते.

पान क्रमांक २ धावड्याचे आहे. हे लहान आहे. गळण्याच्या आधी ते तांबूस होते. पान क्रमांक ३ येनाचे. पुस्तकात याला ऐन म्हणतात. येन ओळखायचा तर खोड पाहावे. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची साल असते.

कुलूचे झाड पाहून मात्र लहान मुले घाबरली. त्याचे खोड पांढरट आणि गुळगुळीत असते. पाने गळाली की ते उन्हात चमकते आणि चांदण्यात तर फारच. म्हणून त्याला भुताचे झाड म्हणतात.

पळसाला एकही पान नव्हते, पण झाड फुलांनी केशरी झाले होते. फुलांतला रस प्यायला मैना, पोपट आणि छोटे सूर्यपक्षी आले होते. मला वाटले की पाने नसल्यामुळे पक्ष्यांना फुले लांबून दिसत असतील. तसे मी विचारले. गुरुजींनी माझ्या वहीत "विचार चांगला आहे" असे लिहिले.

पुढे वळणावर एक झाड लांबून पेटल्यासारखे लाल दिसले. आम्हाला वाटले हेच आपले चिनार! पानेच लाल होती, फुले नव्हती. गुरुजी म्हणाले, "फांदी खाली वाकवा आणि पानाला हात लावून पाहा." पान मऊ, ओले, नवे होते. ते कुसुमाचे झाड होते. काही भागांत त्याला कोशिंब म्हणतात. चिनाराचे पान गळण्याआधी लाल होते आणि कुसुमाचे पान जन्मताना लाल असते. पान क्रमांक ४ तेच आहे. आता ते काळपट झाले आहे, पण तोडले तेव्हा डाळिंबाच्या दाण्यासारखे होते.

नाल्यात उतरलो तर निराळेच दृश्य. तेथे जांभळीची झाडे हिरवीगार होती. सावली दाट होती. पान क्रमांक ५ जांभळीचे आहे. वर टेकडीवर सगळे उघडे आणि खाली नाल्याकाठी हिरवे. असे का? गुरुजींनी लगेच उत्तर सांगितले नाही. ते म्हणाले, "आधी भाकरी खा. मग पिशव्या पाहू."

झाडे पाने का टाकतात?

जंगलात पोचल्यावर गुरुजींनी एक पिशवी जांभळीच्या पानांच्या फांदीला बांधली होती आणि दुसरी सागाच्या उघड्या फांदीला. तोंड दोऱ्याने घट्ट आवळले होते. जेवण झाल्यावर पाहिले. जांभळीच्या पिशवीत आतून पाण्याचे थेंब जमले होते. सागाची पिशवी कोरडी होती.

पानाला खालच्या बाजूने फार बारीक छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. अन्न तयार करण्यासाठी पान त्या छिद्रांतून हवा घेते. छिद्रे उघडली की वाफेच्या रूपाने पाणी बाहेर जाते. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. जितकी पाने जास्त, तितके पाणी जास्त जाते. आमच्या भागात पावसाचे बहुतेक पाणी जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडते. पुढे जमीन सुकत जाते. माघ-फाल्गुनात टेकडीवरच्या जमिनीत ओल उरत नाही. तेव्हा झाडाने सगळी पाने ठेवली तर ते वाळून जाईल. म्हणून ते पाने टाकते. नाल्याकाठी जमिनीत ओल असते, म्हणून जांभळीला तसे करावे लागत नाही. टेकडी आणि नाला यांतला फरक असा होता.

आणखी एक गोष्ट मला नवीन कळली. पाने गळली की मुळांनी आणलेले पाणी वाफ होऊन जात नाही. ते खोडात आणि फांद्यांत साठते. त्याच पाण्यावर पळस भर उन्हात फुलतो आणि कुसुमाला पालवी फुटते. म्हणजे उघडे झाड मेलेले नसते. ते पाणी राखून ठेवते. आपल्या आयाही उन्हाळ्यात माठ झाकून ठेवतात, तसेच हे आहे.

पान रंग का बदलते?

झाड पानाला सहज टाकून देत नाही. पानात नत्र, स्फुरद, पालाश ही द्रव्ये असतात. शेतात आपण खत घालतो ती हीच. पान गळण्याआधी झाड त्यांचा बराचसा भाग फांदीत परत ओढून घेते. नत्र तर साधारण निम्मे परत घेते. त्या वेळी पानातले हरितद्रव्य मोडते. हिरवा रंग गेला की मागे लपलेला पिवळा रंग दिसू लागतो. तो पानात पहिल्यापासून असतो, पण हिरव्याखाली झाकलेला असतो. लाल रंग मात्र बहुधा नव्याने तयार होतो.

नंतर देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. तेथून पान सुटते. झाडाच्या अंगावर जखम राहू नये म्हणून त्या जागी बुचासारखा थर येतो. भिंगातून पाहिले तर सागाच्या फांदीवर पान पडल्याची खूण स्पष्ट दिसते. जखम भरून आल्यावर खपली असते, तशी.

कुसुमाची कोवळी पाने लाल का असतात, तेही विचारले. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरेसे तयार झालेले नसते. लाल द्रव्यामुळे कोवळ्या पानाचे कडक उन्हापासून आणि किड्यांपासून रक्षण होत असावे, असे शास्त्रज्ञांना वाटते.

काश्मीरची पानगळ आणि आपली

काश्मीरमध्ये चिनाराची पाने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रंग बदलतात. श्रीनगरला दल सरोवराच्या काठी हजरतबलजवळ नसीम बाग आहे. तेथे मुघलांच्या काळातील चिनारांची बाग आहे. त्या ऋतूला तिकडे हरुद म्हणतात. आपल्या पंचांगाप्रमाणे तेव्हा आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू असतो. आपल्याकडे त्या वेळी धान कापणीला येते आणि जंगल हिरवेच असते. आपली पानगळ शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात होते.

कारणही वेगळे आहे. तिकडे थंडी येते, दिवस लहान होतात, पुढे जमीन गोठते. गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी ओढता येत नाही. आपल्याकडे जमीन गोठत नाही, सुकते. तिकडचे झाड थंडीसाठी तयारी करते, आपले झाड उन्हाळ्यासाठी. पण दोघांचीही अडचण एकच, पाण्याची.

काश्मीरचे लोक पडलेली चिनाराची पाने गोळा करतात, त्यांचा कोळसा करतात आणि हिवाळ्यात कांगडीत घालून ऊब घेतात. म्हणजे पडलेले पान तेथे कचरा नाही. मग आपल्याकडे ते काय आहे? हे आम्ही दुपारी पाहिले.

पाल्याखाली काय आहे?

बाईंनी दोरीने एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखला आणि आम्हाला पाला थराथराने उचलायला सांगितला. सर्वांत वर यंदाची पूर्ण पाने होती. त्याखाली तुकडे झालेली, मऊ, काळपट पाने होती. त्यांना पांढरे धागे चिकटलेले होते. ती बुरशी. तिच्याखाली चुरा, आणि सर्वांत खाली काळी, भुसभुशीत माती. पान कोठे संपते आणि माती कोठे सुरू होते ते सांगता येईना. मातीत वाळवी, गोम, एक विंचवाचे पिल्लू (दादांनी काठीने बाजूला केले) आणि मोड आलेले एक बी सापडले. माती हाताला गार लागली.

थोड्या अंतरावर मागच्या वर्षी जळालेली जागा होती. तेथे पाला जवळजवळ नव्हता. जमीन टणक होती आणि हात ठेवता येत नव्हता इतकी तापली होती. गुरुजींनी दोन्ही जागी एक एक बाटली पाणी हळूहळू ओतायला सांगितले. पाल्याच्या जागी पाणी आत मुरले. जळालेल्या जागी ते उताराने वाहून गेले आणि जाताना माती घेऊन गेले. एका बाटलीने एवढे होते, तर मृगाच्या पावसात काय होत असेल? टेकडीखाली आपल्या गावाची बोडी आहे. ती गाळाने भरत चालली आहे असे सर्वजण म्हणतात. गाळ येण्याचे एक कारण मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

वणवा

वनरक्षक दादांनी सांगितले की आपल्या राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हे वणव्याचे दिवस धरतात. पाने गळण्याचे दिवस आणि हे दिवस एकच आहेत. वणवा पुढे सरकू नये म्हणून वनविभाग जाळरेषा काढतो. म्हणजे जंगलात लांब पट्टा साफ करून ठेवतो. तरीही वारा सुटला की ठिणगी पट्टा ओलांडून जाते.

एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात मोठा वणवा लागला होता. तो विझवायला गेलेल्या वनविभागाच्या तीन मजुरांचा त्यात मृत्यू झाला. ती आपल्यासारखीच खेड्यातली माणसे होती. दादा हे सांगताना टोपी काढून बोलत होते. आम्ही कोणी बोललो नाही.

राखीव जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. पण दादा म्हणाले, "बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात, आणि वाईट हेतूनेच लागतात असं नाही." कोणी विडी फेकतो. कोणी तेंदूला चांगली पाने फुटावीत म्हणून जाळतो. आणि पुष्कळ आगी मोहाखालच्या असतात.

मोहाखालचा पाला

पान क्रमांक ६ मोहाचे आहे. आपल्या गावात मोह कोणाला सांगायला नको. होळीच्या सुमारास पाने गळतात आणि पहाटे पहाटे फुले टपटप पडतात. पाल्यात पडलेली फुले दिसत नाहीत, म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात. जमीन साफ होते. पण आग झाडाखालीच थांबेल याची खात्री नसते.

मी घरी येऊन आजीला हे सर्व सांगितले. आजी म्हणाली, "पोरी, तुझं खरं हाये. पण पाला झाडत बसलो तं फुलं कवा येचायची? कंबर माझी मोडते, गुरुजीची नाही."

मला उत्तर सुचले नाही. आमचे सात मोह आहेत, दोन बांधावर आणि पाच जंगलाच्या कडेला. आजी आणि आई दोघीच वेचतात. त्या पैशातून आमची पुस्तके आणि पावसाळ्याचे मीठ-मिरची येते. आजीचे म्हणणे खोटे नव्हते.

मी ते वर्गात सांगितले. तेव्हा चौघीजणींनी ठरवले की रविवारी आमच्या दोन झाडांखालचा पाला झाडायचा. खराटे घेऊन सकाळी उन्हं येण्याआधी गेलो. झाडाभोवती फांद्यांची सावली पडते तेवढी जागा साफ केली आणि पाला बाहेरच्या बाजूला पसरला, पेटवला नाही. न्याहारीच्या वेळेपर्यंत दोन झाडे झाली. हाताला फोड आले हे खरे आहे. दुसऱ्या दिवशी आजीने टोपले भरून आणले. ती म्हणाली, "राख नाही लागली. फुलं स्वच्छ हायेत." थोड्या वेळाने म्हणाली, "पण पाच झाडं अजून बाकी हायेत, ध्यानात ठेव."

दादांनी आणखी एक उपाय सांगितला. काही गावांत मोहाखाली जाळी बांधतात. फुले जाळीत पडतात, ती मातीला लागत नाहीत. जाळी विकत आणायला पैसे लागतात. म्हणून आईने तीन जुनी लुगडी शिवून एका झाडाखाली बांबूला ताणून बांधली आहेत. फुले मधोमध गोळा होतात. आजीला वाकावे लागत नाही. हा उपाय तिला झाडण्यापेक्षा जास्त आवडला आहे.

पालकांना विनंती

आमच्या वर्गाने पाच पाच मुलांची चार पथके केली आहेत. मोहाची फुले पडतात तोवर दर रविवारी सकाळी प्रत्येक पथक दोन झाडांखालचा पाला झाडील. मोठे माणूस सोबत असल्याशिवाय आम्ही जंगलाच्या कडेला जाणार नाही, असा गुरुजींचा नियम आहे. ज्या घरी वेचणारी म्हातारी माणसे आहेत त्यांची झाडे आधी घेऊ. आपले नाव आणि झाडांची संख्या गुरुजींकडे लिहून द्यावी. ज्यांच्याकडे फाटकी लुगडी, जुनी चादर किंवा जाळी असेल त्यांनी शाळेत आणून द्यावी.

वीस मुले सगळ्या गावाचे मोह झाडू शकणार नाहीत, हे आम्हाला कळते. पण ज्या झाडाखाली आम्ही झाडू, तेथे काडी लावू नये एवढीच विनंती आहे.

शाळेच्या अंगणातही आता बदल केला आहे. निंब आणि पिंपळ यांची पाने याच दिवसांत गळतात. ती आधी कोपऱ्यात जाळत असत. आता मागच्या कुंपणाजवळ खड्डा खणला आहे. पाल्याचा एक थर, शेणाचा एक थर आणि वर थोडी माती, असे टाकतो. पाणी शिंपडतो. हे खत पावसाळ्यात शाळेच्या बागेतील झाडांना घालू.

तुम्हीही करून पाहा

१. पानांच्या फांदीला आणि उघड्या फांदीला पारदर्शक पिशवी बांधा. दोन तासांनी पाहा. पिशवी नंतर काढून घरी आणा, जंगलात टाकू नका.

२. हिरवे पान बारीक ठेचून वाटीत थोड्या स्पिरिटमध्ये घाला. हा प्रयोग मोठ्या माणसांसमोर आणि चुलीपासून लांब करावा. त्यात पांढरा खडू उभा ठेवा. काही वेळाने रंग वर चढतो. हिरव्या पट्ट्याच्या वर पिवळा पट्टा दिसतो का? हाच तो लपलेला पिवळा रंग.

३. घराजवळचे एक झाड निवडा. पहिले पान कधी गळले, झाड उघडे कधी झाले आणि नवी पालवी कधी आली, या तारखा वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्या पडताळून पाहा.

सांगा पाहू

१. टेकडीवरचा साग उघडा आणि नाल्याकाठची जांभळी हिरवी, असे का?
२. चिनाराचे लाल पान आणि कुसुमाचे लाल पान यांत फरक काय?
३. झाड गळणाऱ्या पानातून काय परत घेते?
४. तुमच्या घरचे मोह किती? त्यांच्याखालचा पाला यंदा कोण झाडणार?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे लेखात आहेत. चौथ्याचे उत्तर घरी विचारून सोमवारी गुरुजींना सांगावे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी